मापटें, गुंठा आणि मीटर

श्रोतेहो, आजच्या माझ्या विषयाचा आरंभ तुमच्या घरांतल्या एका साध्या वस्तूपासून होतो. तुमच्या मुलाच्या दप्तरांत एक पट्टी असते. तिच्या एका कडेवर तीस सेंटिमीटरांच्या खुणा असतात आणि बहुधा दुसऱ्या कडेवर बारा इंचांच्या. शाळेंत तिच्यानें जें कांहीं मोजलें जातें तें सेंटिमीटरांत. तरीही मूल, मास्तर आणि दुकानदार हे तिघेही तिला 'फूटपट्टी' असेंच म्हणतात. फूट व्यवहारांतून पुष्कळसा निघून गेला, पण त्याचें नांव पट्टीला चिकटून राहिलें. एक माप जाऊन दुसरें येतें तेव्हां काय काय घडतें, हें सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आधारें आज आपल्यापुढें मांडावें असा माझा विचार आहे.

माझ्या लहानपणीं कृष्णाकांठच्या आमच्या घरीं धान्य मोजण्याचें एक मापटें होतें. आजी ज्वारी मोजावयास बसली कीं पहिल्या मापाला 'एक' असें ती कधींच म्हणत नसे. 'लाभ' असें म्हणे, आणि मग 'दोन', 'तीन' असें मोजीत जाई. घरच्या वापराचें धान्य काढतांना ती माप सपाट भरी. दारीं आलेल्याला घालतांना मात्र वर शीग लावून भरी. तें तिचें औदार्य होतें. परंतु पुढें बाजार पाहिल्यावर मला कळलें कीं तीच शीग दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे तिचा अर्थ पालटतो. शेतकऱ्याकडून घेतांना माप शिगोशीग, आणि गिऱ्हाइकाला देतांना तेंच माप सपाट. मापटें तेंच, धान्यही तेंच; पण मोजणारा हात कोणाचा यावर दर मापामागें मूठ-दोन मुठी ज्वारी इकडची तिकडे होई. वर्षाच्या अखेरीस या मुठींचीं पोतीं होत. आपल्या भाषेंत 'दांडी मारणें' हा वाक्प्रचार आला तो तराजूच्या दांडीवरून, आणि 'पासंगालाही न पुरणें' हा आला तो तागडीच्या हलक्या पारड्याला बांधलेल्या वजनावरून. ज्या समाजानें असे शब्द घडविले, त्याला मापाचा अनुभव कसा आला असेल हें निराळें सांगावयास नको.

जुन्या कोष्टकांची ओळख आतां पुष्कळांना राहिलेली नाहीं, म्हणून तीं थोडक्यांत सांगतों. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, पुढें मण, आणि वीस मणांची खंडी, हें धान्याचें माप. सोन्यासाठीं आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. जमिनीसाठीं पांच हात पांच मुठींची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा. वेळेसाठीं घटका आणि पळें. बुडाशीं बारीक भोंक असलेलें तांब्याचें पात्र पाण्यावर तरंगत ठेवीत. तें भरून बुडालें कीं एक घटका, म्हणजे आजचीं चोवीस मिनिटें, झाली असें मानीत.

या मापांना नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांतील शहाणपण ओळखलें पाहिजे. तीं बहुतेक अर्ध्याअर्ध्यानें लहान होत गेलेलीं आहेत. शेर, अच्छेर, पावशेर, नवटांक, छटांक. प्रत्येक माप आधल्याच्या निम्में. याचें कारण तराजूंत आहे. एका ढिगाचे दहा सारखे भाग करावयाचे तर दुसरें वजन हातीं असावें लागतें. पण दोन सारखे भाग करण्यास कोणतेंच वजन लागत नाहीं. दोन्ही पारड्यांत माल घालून दांडी सरळ झाली कीं काम झालें. त्या निम्म्याचें पुन्हां निम्में, आणि त्याचेंही निम्में, असें कितीही पुढें जातां येतें. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हाही त्याच बुद्धीचा हिशेब. म्हणून तर जुन्या शाळेंतील मुलें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तालासुरांत म्हणत असत. 'साडेतीन शेर गूळ, शेरास सात आणे' हा हिशेब औटकी पाठ असलेलें पोर पाटीला हात न लावतां सांगे.

तेव्हां खरा दोष अर्ध्यापावांत नव्हता. दोष असा होता कीं शेर हा शब्द एक आणि शेर मात्र अनेक. किती तोळ्यांचा शेर मानावयाचा आणि किती पायल्यांचा मण धरावयाचा, हें गांवागणिक आणि मालागणिक बदलत असे. त्यांत आपला मुलूख तर तुकड्यातुकड्यांचा. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा होऊन तेथें इंग्रजी अंमल बसला. पण त्याच्या अवतींभोंवतीं आणि मधूनमधून सांगली, मिरज, औंध, फलटण, जत हीं संस्थानें तशींच राहिलीं. १९३२ सालीं मुंबई इलाख्यांत वजनमापांचा कायदा झाला आणि ८० तोळ्यांचा शेर प्रमाण मानण्यांत आला. परंतु इलाख्याचा कायदा संस्थानच्या शिवेपाशीं येऊन थांबे. संस्थानें विलीन होऊन १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. तोंवर एकाच दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेंत माल दोनतीन सरकारांच्या हद्दी ओलांडी.

एका बाबतींत मात्र एकमाप लौकर आलें, आणि तें म्हणजे जमिनीच्या मोजणींत. कारण तेथें सरकारचा सारा गुंतलेला होता. मुंबई इलाख्याच्या पैमाषींत ३३ फुटांची सांखळी वापरीत आणि तिचे सोळा आणे करीत. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद असा १०८९ चौरस फुटांचा तुकडा म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पहा, इंग्रजी फुटांची सांखळी आमच्या रुपयाप्रमाणें सोळा आण्यांत विभागली गेली! नवें माप लोकांच्या अंगवळणीं पडावयाचें तर त्याला जुन्याशीं सोयरीक करावी लागते.

मोजमापाची दुसरी शिस्त आली ती कारखान्यांतून. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर आपला कारखाना उभारला. तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. तेथें लोखंडी नांगर होऊं लागले. गांवचा सुतार लांकडी नांगर करी तेव्हां प्रत्येक नांगर आपल्यापुरता निराळा असे, आणि तो मोडला तर तोच सुतार तो दुरुस्त करी. कारखान्याच्या नांगराचें तसें नाहीं. त्याचा फाळ झिजला तर शेंकडों मैलांवरच्या शेतकऱ्याला पोस्टानें मागविलेला नवा फाळ त्याच भोंकांत, त्याच बोल्टांनीं बसला पाहिजे. यासाठीं कारागिराच्या हातीं कॅलिपर आणि गेज आले, आणि 'सुमारें एवढें' हा शब्द कारखान्याच्या दारांतून बाहेर गेला. त्याच औंध संस्थानांत, कऱ्हाडजवळ, १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचेचा कारखाना निघाला. 'प्रभाकर' कंदिलाची कांच फुटली तर दुकानांतून आणलेली दुसरी कांच त्याच कंदिलावर नीट बसावी लागे. नाहींतर ज्योत धुरकटे आणि कांच पुन्हां तडके.

येथें एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हें सर्व सूक्ष्म काम त्या काळीं इंचांत चाले. इंच हें कांहीं ढिसाळ माप नव्हे. त्याचा सहस्रांश मोजणारीं साधनें होतींच. मेट्रिक मापाची थोरवी अचूकपणांत नसून ऐक्यांत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९२ ते १७९८ या काळांत दोन ज्योतिषांनीं डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत पृथ्वीच्या याम्योत्तर वृत्ताचा तुकडा मोजला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असें ठरलें. मीटराच्या दहाव्या भागाची घनाकार पेटी घेतली तर तिच्यांत मावतें तें एक लिटर. त्या लिटरभर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. लांबी, आकारमान आणि वजन हीं तीन भावंडें एका आईचीं झालीं. आमच्याकडे काठी, पायली आणि तोळा यांची एकमेकांशीं ओळखदेखही नव्हती.

हें माप आपल्या देशांत येण्याची एक संधि फार पूर्वीं येऊन गेली होती. लॉर्ड मेयो गव्हर्नर जनरल असतांना १८७१ सालीं कायदा झाला आणि त्यांत 'शेर' याच नांवानें किलोग्रॅमएवढें वजन प्रमाण मानलें गेलें. पुढच्याच वर्षीं मेयो यांचा अंदमानांत खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला. त्याचा अंमल झाला असता तर शेर हा शब्द आजही आपल्या दुकानांतून ऐकूं आला असता!

स्वातंत्र्यानंतर हें काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ सालच्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत मेट्रिक वजनें सुरू झालीं आणि एप्रिल १९६२ पासून देशभर तींच कायदेशीर ठरलीं. मी त्या वेळीं शाळकरी मुलगा होतों. हा बदल मोठ्यांना किती जड गेला तें मला चांगलें आठवतें. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचें नाणें तर नाहीं! म्हणून सरकारी कोष्टकानें एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठरविले. आतां चार वेळां एकेक आण्याचा जिन्नस घेतला तर चोवीस पैसे होतात, आणि एकदम चार आण्यांचा घेतला तर पंचवीस. तो एक पैसा कोठें गेला, हें कोडें आम्ही मुलें बाजारांतल्या बायकांना घालीत असूं, आणि त्या आम्हांला हांकून देत असत. वजनाचेंही तसेंच. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम; म्हणजे किलो शेराहून सुमारें पावणेसहा तोळ्यांनीं भारी. शेराचा भाव किलोला लावला तर विकणाऱ्याचें नुकसान, आणि भाव वाढवून वजन जुनेंच ठेवलें तर घेणाऱ्याचें. हा संक्रमणाचा काळ अडाण्याला सर्वांत महाग पडला. ज्याला त्रैराशिक येत होतें त्याचें कांहीं बिघडलें नाहीं; ज्याला येत नव्हतें त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागलें.

जमिनीच्या बाबतींत दैवानें थोडी साथ दिली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर आणि आर आले. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि जुना गुंठा भरतो सुमारें १०१ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ एकच! म्हणून आज उताऱ्यावर 'आर' लिहिलेलें असलें तरी शेतकरी बिनदिक्कत 'गुंठा' म्हणतो. मात्र चाळीस गुंठ्यांचा एकर आणि शंभर आरांचा हेक्टर यांची गल्लत झाली तर अडीच पटींचा घोटाळा होतो, आणि तसे घोटाळे वांटण्यांच्या वेळीं भावाभावांत वैर पेरून जातात.

श्रोतेहो, कायद्याचें काम येथें संपलें. एका परीनें तें फार उत्तम झालें. तुमच्या वाण्याच्या दुकानांतलें वजन पहा. त्याच्यावर निरीक्षकाची मोहोर असते. तें वजन निरीक्षकाजवळच्या प्रमाण वजनाशीं ताडून पाहिलेलें असतें, तें त्याहून वरच्या वजनाशीं, आणि ही वंशावळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमापर्यंत जाऊन पोहोंचते. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅम हा कोणत्याही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नाहीं. निसर्गाच्या एका स्थिरांकावरून तो ठरविला जातो. राजे गेले, संस्थानें गेलीं, शेर गेला. जें कोणाच्याही मालकीचें नाहीं असें माप आपल्या हातीं आलें.

पण तें खरोखर आपल्या हातीं आलें आहे काय? माझ्या शाळेंत दहा मिलिमीटरांचा एक सेंटिमीटर आणि हजार ग्रॅमांचा एक किलोग्रॅम हीं कोष्टकें आम्ही औटकीइतक्याच तालांत घोकलीं. शाळेंत कांचेच्या पेटींतला एक नाजूक तराजू होता, पितळी वजनांची पेटी होती, आणि तीं वजनें उचलण्याचा चिमटाही होता. हीं सर्व साधनें कुलुपाच्या कपाटांत सुरक्षित असत. तपासनीस आले म्हणजे तीं टेबलावर मांडीत आणि ते गेले म्हणजे पुन्हां कपाटांत. आम्हीं तराजू पाहिला. त्यावर कांहीं तोललें मात्र नाहीं. शाळेचें नांव मी सांगत नाहीं, कारण अशीं कपाटें एकाच शाळेंत नव्हतीं.

याच मुलखांत याहून निराळी वाट दाखविणारा पुरुष होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील आरंभीं किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील खपविण्यासाठीं खेडोपाडीं हिंडत. नांगराचा फाळ आणि कंदिलाची कांच मापांत कां असावी लागते हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल. १९१९ सालीं त्यांनीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं ती सातारला आणली. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या पद्धतींत विद्यार्थी जमीन कसत आणि श्रमाचीं कामें करीत. विहीर खणणाऱ्या मुलाला घनफूट म्हणजे काय हें विचारावें लागत नाहीं. तें त्याच्या खांद्याला ठाऊक असतें.

आज हें सर्व आठवावें असें एक कारण सातारा-सांगलीच्या आभाळांतच आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत यांच्या वांट्याला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे सुमारें पांचशें मिलिमीटर येतो. येथें मीटराचें ऐक्य कामास येतें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एका आरावर शंभर लिटर. एक हेक्टर माळावर पांचशें मिलिमीटर म्हणजे पन्नास लाख लिटर! दुष्काळी म्हटलेल्या त्या माळावर आभाळानें एवढें पाणी ओतलेलें असतें. हाच हिशेब इंच, गुंठा आणि गॅलन यांत करावयाचा तर १०८९ ला बारानें भागा, आलेल्या घनफुटांना सव्वासहानें गुणा, आणि तोंवर मुलाचें लक्ष खिडकीबाहेर जावयाचें. मीटराच्या हिशेबांत तेंच मूल आपल्या बापाला तोंडीं सांगूं शकतें कीं काल रात्रीं आपल्या रानांत किती पाणी पडलें.

पाणी जेथें थोडें, तेथें मापाचा प्रश्न न्यायाचा प्रश्न होतो. खानापूर तालुक्यांत बलवडीजवळ येरळा नदीवर गांवकऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत बळीराजा धरण बांधलें; नदीच्या वाळूच्या विक्रींतून त्यासाठीं पैसा उभा केला, आणि जमीन कमी असो वा जास्त, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा सारखा वांटा हें तत्त्व धरलें. सारखा वांटा हा शब्द उच्चारणें सोपें आहे. पण तो मोजून दाखवितां आला नाहीं तर सारखेपणावर विश्वास कोण ठेवणार? शीग लावलेल्या मापट्याची ती जुनी शंका पाण्याच्या पाटावरही येऊन उभी राहते. तिला उत्तर एकच, आणि तें म्हणजे सर्वांना वाचतां येईल असें माप.

म्हणून पालकांना माझी एक विनंति आहे. येत्या पावसाळ्यांत आपल्या मुलाला एक सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा द्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्या जागीं तो त्याला ठेवूं द्या. हवामानखातें सकाळीं साडेआठला नोंद घेतें. त्याच वेळीं रोज त्यानें डब्यांतील पाण्याची खोली पट्टीनें मोजावी आणि वहींत तारीख घालून लिहावी. डब्याचें तोंड रुंद असो वा अरुंद, बाजू सरळ असल्या तर खोली तीच येते. असें कां, हें त्याला स्वतःलाच शोधूं द्या. कांहीं दिवसांनीं त्याच्या लक्षांत येईल कीं पट्टीचा शून्य तिच्या टोंकावर नसून किंचित् आंत असतो, आणि म्हणून आपली रोजची नोंद दोनतीन मिलिमीटरांनीं कमी येत आहे. ज्या दिवशीं तें मूल ही चूक स्वतः पकडून जुन्या नोंदी दुरुस्त करील, त्या दिवशीं तें शास्त्र शिकूं लागलें असें खुशाल समजा.

माझी आजी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत असे. मोजण्याच्या कामाचा आरंभ शुभ शब्दानें व्हावा, एवढाच तिचा भाव होता. मापटें आतां अडगळींत गेलें आहे आणि तें परत आणावें असें मी म्हणणार नाहीं. पण आपल्या मुलानें डब्यांतला पहिला पाऊस मोजला म्हणजे त्या पहिल्या आंकड्याला तो जुना शब्द द्यावयास हरकत नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.